घरी कोणीतरी हवं

“बिटिया कित्ती बड़ी है, बाई?” कापडवाल्यानं फुलाफुलांच्या छिटाचं थान उलगडता उलगडता विचारलं आणि प्रमोदिनीचा हात आपसूक वर गेला. कमरेपाशी थांबला, जरा वर सरकला, पुन्हा खाली आला आणि मग तसाच हवेत राहिला. दुकानदार हातात गज धरून त्या हाताकडे बघत होता. शेजारी उभा असलेला तिचा नवरा, दिवाकरही बघत होता. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या त्या भर गर्दीत, संक्रांतीच्या खरेदीला आलेल्या बायांच्या धक्क्यात, प्रमोदिनीला कळलं की आपण दाखवतो आहोत ती उंची गेल्या पावसाळ्यातली आहे. आणि तीसुद्धा खरी नाही, कारण तेव्हा इंदू पूर्ण वेळ आत्याच्या मांडीला टेकून बसली होती, उभी अशी ती दिसलीच नव्हती. “अंदाज से बता दीजिए,” दुकानदार म्हणाला. दिवाकर हळूच म्हणाला, “वाढत्या अंगाचं घेऊ. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं.” पण तिनं हात खाली घेतला, पदर खांद्यावर ओढला आणि दुकानाची पायरी उतरली. पाठीमागे थान पुन्हा गुंडाळल्याचा आवाज आला. आपल्याच मुलीचं माप परक्या माणसानं विचारावं आणि ते आपल्याला सांगता येऊ नये, एवढीच गोष्ट; पण तिथं तिला उभं राहवलं नव्हतं.

“मला दीक्षितपुऱ्यात जायचंय, इंदूपाशी,” ती म्हणाली. “आत्ताच.”

“त्यांनी तर येऊ नको म्हटलं होतं ना?” दिवाकर म्हणाला. तो मूळचा वर्ध्याकडचा. जबलपुरात येऊन इतकी वर्षं झाली तरी बोली तीच होती. मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “चाल. मी गल्लीपर्यंत येतो.” वाटेत हलवायाच्या कढईपाशी थांबून त्यानं खव्याच्या जिलेबीचा द्रोण घेतला आणि तिच्या हातात दिला. “रिकाम्या हातानं काहून जायचं? लेकराचा वाढदिवस हाय परवा.” त्याच्या लक्षात होतं. या माणसाच्या लक्षात सगळं असायचं, आणि हे तिला कधीकधी सोसत नसे. तो वाईट असता, निदान थोडासा बेपर्वा असता, तर जे झालं त्याचा दोष ठेवायला जागा तरी मिळाली असती.

द्रोणातून पाक बोटांवर झिरपत होता. लॉर्डगंजकडून येणाऱ्या टांग्यांना वाट देत दोघं चालली होती, आणि प्रमोदिनीच्या मनात नेहमीसारखी मागची वर्षं एकात एक मिसळून पुढे यायला लागली. श्रीकांत, तिचा पहिला नवरा, सडकेच्या खात्यात ओव्हरसीअर होता. बरगीच्या पलीकडे रस्त्याच्या कामावर गेला आणि तिथून मुदतीचा ताप घेऊन आला. इंदू तेव्हा नुकती चालायला लागली होती. बापाच्या खाटेचा पाय धरून उभी राहायची आणि टाळी वाजवायची. त्याला ग्वारीघाटावर अग्नी देऊन सगळे परत आले त्या संध्याकाळी भय्यासाहेबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, घरातल्या बायांना एकच सांगितलं होतं: सूनबाईच्या केसांना कोणी हात लावायचा नाही. निवृत्त तहसीलदार, आवाज कधी चढवत नसत, पण बोललेलं मोडायची कोणाची छाती नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनीच तिला मास्तरीण व्हायच्या शाळेत घातलं, त्यांनीच तिचे धडे म्हणवून घेतले. विधवांची लग्नं व्हावीत म्हणून महाराष्ट्र समाजाच्या सभेत त्यांनी केलेलं भाषण गावात लोकांना अजून आठवत होतं. भाषण करून ते घरी आले त्या दिवशी त्यांना पाण्याचा तांब्या दिला तो विनतावन्संनी, श्रीकांतच्या थोरल्या बहिणीनं. विनता पंधराव्या वर्षी विधवा होऊन बापाच्या घरी परत आली होती आणि तिच्यापाशी लग्नाचा शब्द कोणी कधी काढला नव्हता. भय्यासाहेबांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला होता. प्रमोदिनीनं ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा तिला लागला नव्हता.

दिवाकर त्या शाळेत गणित शिकवायचा. त्यानं लपूनछपून काही केलं नाही. सरळ भय्यासाहेबांपाशी येऊन बोलला. भय्यासाहेबांनी प्रमोदिनीला बाहेर बोलावून विचारलं, “तुझी इच्छा आहे?” तिनं मान खाली घातली. “ठीक आहे,” ते म्हणाले, “तुझं आयुष्य तुझं आहे. मी आड येणार नाही.” तिला वाटलं, देव म्हणतात तो हाच. लग्न छोटंसं व्हायचं होतं, आर्य समाजात. एवढ्या धावपळीत पोरीला कुठं ओढायचं म्हणून इंदूला विनतावन्संपाशी ठेवून ती सकाळी निघाली. दोन-चार दिवसांत जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात नव्या बिऱ्हाडाची घडी बसली की घेऊन जाऊ. आणि घ्यायला आली तेव्हा भय्यासाहेब ओसरीवर उभे होते, तितकेच शांत. “इंदू श्रीकांतची आहे,” ते म्हणाले. “ती इथंच राहील. पण चोरून काही नको. मी कोर्टात अर्ज देतोय. तूही वकील कर. कायदा सांगेल तसं होऊ दे.”

कायद्यानं सांगितलं तसं झालं. ज्या कायद्यानं तिला पुन्हा लग्न करता आलं, त्याच कायद्यात खाली एक कलम होतं: विधवेनं लग्न केलं की तिच्या पहिल्या नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलाचा ताबा मागता येतो. वकिलानं ते तिला वाचून दाखवलं तेव्हा तिला वाटलं, हे आधी कोणी का सांगितलं नाही? मग वाटलं, आधी कळलं असतं तर? या प्रश्नाच्या पुढे ती कधी गेली नाही. तिथं पोचली की मन आपोआप मागं फिरायचं. कोर्टात ती साक्षीला उभी राहिली. भय्यासाहेबांच्या वकिलानं नव्या नवऱ्याबद्दल वेडंवाकडं विचारायला सुरुवात केली, तेव्हा भय्यासाहेबांनीच त्याला हात करून थांबवलं. शेवटी जज्जसाहेबांनी इंदूला आपल्या खोलीत बोलावलं. एकटीला. दार लागलं. बाहेरच्या बाकावर प्रमोदिनी एका टोकाला आणि भय्यासाहेब दुसऱ्या टोकाला बसले होते. दार उघडलं तेव्हा इंदूच्या हातात कोणीतरी दिलेला बत्तासा होता आणि ती सरळ चालत जाऊन आजोबांच्या गुडघ्याला बिलगली. निकालात लिहिलं होतं की आजोबांकडे राहायची मुलीची स्वतःची इच्छा आहे. आईनं महिन्यातून एकदा भेटावं.

ही गोष्ट तिनं दिवाकरलाही कधी सांगितली नव्हती, की त्या दिवसापासून तिच्या मनात इंदूविषयी राग होता. एवढ्याशा पोरीचा राग. जिला नऊ महिने पोटात वागवलं, जिच्या गोवरात सलग रात्री जागून काढल्या, तिला बंद खोलीत विचारलं आणि तिनं आपल्याला टाकलं. भेटीला जायची तेव्हा ती इंदूला जवळ घ्यायची, पण हात कडक व्हायचे. पोरीलाही ते कळत असावं. प्रत्येक भेटीनंतर इंदूला ताप यायचा. पावसाळ्यात भय्यासाहेबांनी निरोप पाठवला, “काही दिवस येऊ नकोस, पोर सोसत नाही.” आणि तिनं तो चटकन मान्य केला. सगळ्यांना तो तिचा समजूतदारपणा वाटला. तिला मात्र ठाऊक होतं की निरोप ऐकून छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं होतं. आज दुकानात हात अधांतरी राहिला तेव्हा त्याच सुटकेची शरम तिला आली होती.

गल्लीच्या तोंडाशी दिवाकर थांबला. “मी इथंच बसतो,” असं म्हणून तो पानवाल्याच्या बाकड्यावर टेकला. दार उघडंच होतं. आतून घंटेचा आवाज येत होता, विनतावन्सं पूजेत असाव्यात. आणि चौकात, उन्हात वाळत घातलेल्या तिळांपाशी, एक मुलगी चिमण्या हाकलत उभी होती. उंच झाली होती. फ्रॉकच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या. मान श्रीकांतची. तिनं वळून पाहिलं, क्षणभर ओळख पटली नसावी असं वाटलं, आणि मग ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, “तुम्ही बसा. आत्या पूजा करून राहिली.”

तुम्ही. प्रमोदिनी ओसरीच्या कडेला बसली. आईला कोणी तुम्ही म्हणत नाही. शेजारणीला म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात. तिनं द्रोण पुढं केला. इंदूनं तो दोन्ही हातांनी घेतला, “थँक्यू जी” म्हणाली, आणि खाल्लं नाही. कोनाड्यात नीट ठेवून दिला. मग पाहुण्यांशी काहीतरी बोलायला हवं तसं म्हणाली, “मी तिसरीत आहे. आमच्या बाई हिंदी कविता शिकवतात. मला दो आठवतात.” प्रमोदिनी म्हणाली, “म्हण पाहू.” इंदूनं मान हलवली, “अभी नाही.” चिमणी आली, इंदूनं हुश् केलं. प्रमोदिनीला वाटलं, आता उठावं, वन्सं बाहेर यायच्या आत निघून जावं. तेवढ्यात इंदू जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, “तुमची खोली दाखवू?”

माडीवरची ती खोली. श्रीकांतची आणि तिची. प्रमोदिनीला वाटलं होतं तिथं आता धान्य असेल. पण खाट होती तिथंच होती, चादर ओढलेली, खिडकीत तिचा फणीकरंडा. “आत्या इथं लोणच्याच्या बरण्या ठेवत होती,” इंदू म्हणाली. “मी नाही ठेवू दिल्या. मी रोज झाडते. आजोबांनी पण सांगितलं, इंदू म्हणते तर राहू दे.” तिनं हातानं चादरीवरची सुरकुती सारखी केली. “तुम्ही आल्यावर कुठं झोपाल मग?”

“आल्यावर?” प्रमोदिनी म्हणाली.

“परत आल्यावर. जाताना तू येते म्हणाली होतीस ना.” बोलता बोलता ती ‘तू’वर आली होती आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं. “इथं दारात उभी होतीस, हिरवी साडी होती. येते हं इंदू, असं म्हणालीस. मग कोर्टात त्या जज्जसाहेबांनी विचारलं, कहाँ रहोगी. मी म्हटलं, घरीच राहीन. सगळे गेले आणि आई परत आली तर? घरी कोणीतरी हवं ना. नाहीतर तिला वाटेल कोणी नाही, आणि ती वापस जाईल.”

प्रमोदिनी खाटेवर बसली. खाली घंटा थांबली होती. निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तिला आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. ते तोंडातून निघतं, त्याला अर्थ नसतो, उंबरा ओलांडताना पाय उचलावा तसं. लग्नाच्या घाईत ती ते बोलली असेल. तिला आठवतही नव्हतं. आणि ते एक अक्षर या पोरीनं धरून ठेवलं होतं, बंद दारामागे, अनोळखी साहेबासमोर बत्तासा हातात घेऊन. तिनं आईला टाकलं नव्हतं. आईसाठी घर राखलं होतं. आणि आई तिच्यावर रागावली होती. इतके दिवस हात कडक करून भेटायला आली होती. तिनं इंदूला ओढून जवळ घेतलं तेव्हा पोरीच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता, आणि त्या केसांतूनच प्रश्न आला, “कधी येणार?”

काहीही सांगता आलं असतं. लवकर, म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षी. तू मोठी झालीस की. प्रमोदिनीच्या ओठांवर ते आलंही. पण मग ही रोज ही खोली झाडेल, रोज ही चादर ओढेल, हे तिला दिसलं. ती म्हणाली, “इंदू, मी इथं राहायला परत येणार नाही. माझं घर आता तिकडं गोरखपुरात आहे. मी तुला न्यायला आले होते, पण तोवर… तू तिकडं येऊ शकतेस. मी नाही इकडं येऊ शकत. कधीच नाही.”

इंदू तिच्या मिठीतून मागं झाली. रडली नाही. तिच्या कपाळावर एक आठी आली, गणित चुकल्यावर येते तशी. ती कुठं चुकलं ते शोधत असावी. “कधीच नाही?”

“नाही, बाळा.”

“अच्छा,” इंदू म्हणाली. मग खिडकीतून खाली बघून, “चिमण्या तीळ खाऊन राहिल्या,” असं म्हणत ती जिना उतरून गेली.

खाली भय्यासाहेब उभे होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कठड्याला हात धरून. किती वेळ उभे होते कोण जाणे. लग्न झाल्यापासून त्यांना काय म्हणावं हे प्रमोदिनीला कळत नसे. मामंजी म्हणायचा हक्क राहिला नव्हता, आणि दुसरा शब्द सापडला नव्हता. ती पदर सावरून दाराकडे वळली. ते तिच्याबरोबर दारापर्यंत आले, दारातून गल्लीत आले. असे ते कधी आले नव्हते. खूप वाळले होते, कोट खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. पानवाल्याच्या बाकड्यावरून दिवाकर उठून उभा राहिला, पण जवळ आला नाही.

“मला माहीत होतं,” भय्यासाहेब म्हणाले. “कोर्टातून येताना टांग्यातच सांगितलं तिनं मला. तू परत येणार म्हणून थांबले, म्हणाली.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही? जज्जांना, मला…”

“तेव्हाच टांगा वळवायला हवा होता. नाही वळवला.” ते गल्लीच्या फरशीकडे बघत होते. “घरी आलो. ती माझ्या ताटात जेवली. श्रीकांत जेवायचा तशी, आधी भात. मग मी गप्प बसलो. लोकांपुढं मोठं बोलणं मला जमतं, प्रमोदिनी. घरात जमत नाही. विनताच्या वेळी जमलं नाही, तुझ्याही वेळी नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “पुन्हा अर्ज कर. मी हरकत घेणार नाही. कोर्टात मीच सांगेन काय झालं ते.”

घरी जाताना तिनं दिवाकरला सगळं सांगितलं, रागाचं सोडून. आणि मग रेल्वेच्या पुलापाशी आल्यावर रागाचंही सांगितलं. तो ऐकत चालत होता. “उद्या वकिलाकडे जाऊ,” एवढंच म्हणाला. त्या हिवाळ्यात प्रमोदिनीला पहिल्यांदा झोप लागायला लागली. इंदूसाठी लहान खोलीला चुना दिला. शाळेत चौकशी केली. दर महिन्याला ती दीक्षितपुऱ्यात जाऊ लागली. इंदूला आता ताप येत नव्हता. ती समोर येऊन बसायची, कविता म्हणून दाखवायची, तिच्या मैत्रिणींची नावं सांगायची. कधी तू म्हणे, कधी तुम्ही. माडीवरच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या आल्या होत्या. प्रमोदिनीला वाटलं, बरंच झालं, पोर मोकळी झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सुनावणी झाली. जज्ज नवीन होते, चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचत. भय्यासाहेब काठीच्या आधारानं उभे राहिले आणि टांग्यातलं सगळं बोलणं त्यांनी भर कोर्टात सांगितलं, स्वतःला न वाचवता. जज्ज म्हणाले, मुलीला पुन्हा विचारू, पण या वेळी सगळ्यांच्या देखत. इंदू पुढं आली. विनतावन्संनी तिच्या वेण्या घट्ट घातल्या होत्या. “बेटी,” जज्जसाहेब म्हणाले, “तुम्हारी माँ तुम्हें अपने घर ले जाना चाहती हैं। दादाजी भी राज़ी हैं। तुम कहाँ रहोगी?”

इंदूनं प्रमोदिनीकडे पाहिलं. नीट, पुरतं पाहिलं. त्या डोळ्यांत भीती नव्हती, रुसवाही नव्हता.

“दादाजी के पास,” ती म्हणाली.

भय्यासाहेब पुढं झाले. “इंदू, बाळ, नीट विचार कर. आई आता परत येणार नाही तिकडं. तुला सांगितलंय ना तिनं?”

“हो, मालूम आहे,” इंदू म्हणाली.

“तो फिर क्यों, बेटी?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“मैं वहीं रहती हूँ,” ती म्हणाली, आणि एवढं सोपं उत्तर यांना कसं कळत नाही म्हणून जरा बुचकळ्यात पडून सगळ्यांकडे बघत राहिली.

बाहेर उन्हाचा चटका होता. चिंचेच्या सावलीत टांगे उभे होते. वन्संनी इंदूच्या कानात काहीतरी सांगितलं, मग ती आली, दिवाकरला वाकून नमस्कार केला, मग प्रमोदिनीला. प्रमोदिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. “रागावलीस माझ्यावर?” तिनं विचारलं. इंदूनं नाही म्हणून मान हलवली, आणि ते खरं होतं, हे प्रमोदिनीला दिसलं. राग असता तर त्याच्या पाठोपाठ दुसरं काही निघालं असतं. तिच्या स्वतःच्या रागामागून माया निघाली होती. मुलीपाशी तसलं काहीच नव्हतं. ती टांग्याच्या घोड्याकडे बघत होती, त्याच्या कपाळावर निळा मणी बांधला होता. “जाऊ?” इंदूनं विचारलं.

“जा,” प्रमोदिनी म्हणाली.

इंदू टांगेवाल्याशेजारी पुढं चढून बसली. भय्यासाहेबांना वर चढवायला दिवाकरनं हात दिला. मागच्या बाजूला बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं एकदा हात वर केला, कोणाला ते कळलं नाही. टांगा सडकेला लागला, त्यानं वळण घेतलं. इंदू टांगेवाल्याला काहीतरी विचारत होती, तिची वेणी हलत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. दिवाकर म्हणाला, “चाल, ऊन लागेल.” प्रमोदिनी हो म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.